शेड कार्डवरचा उबदार बेज भिंतीवर गुलाबी का होतो, आणि आपल्या घराचा बेज कसा शोधायचा

प्रश्न असा आहे: पुण्यात वारज्याला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. हॉलच्या खिडक्या उत्तरेला, मोठ्या बेडरूमची खिडकी पश्चिमेला. फरशी फिक्या क्रीम रंगाची व्हिट्रिफाइड. हॉलमध्ये आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा आणि कपाट. शेड कार्डवर आवडलेला उबदार बेज एका भिंतीवर लावून पाहिला, तर दिवसा गुलाबी दिसतो आणि रात्री ट्यूब लावली की मळकट. घरचे म्हणतात, कटकट नको, सरळ पांढरा देऊ. दिवाळीआधी काम उरकायचं आहे आणि दोनदा रंग द्यायची ऐपत नाही. काय करावं?

पांढरा देऊ नका. उत्तरेच्या खोलीत शुभ्र पांढरा रंग पावसाळाभर राखाडी, गारठलेला दिसतो, आणि सागवान त्याच्यासमोर एकटं पडतं. बेज हा तुमच्या घरासाठी योग्यच विचार आहे. फक्त तुम्ही निवडलेल्या बेजच्या पोटातला रंग तुमच्या हॉलला चालणारा नाही. मी एकवीस वर्षं पुण्यात घरं सजवण्याचं काम करते आहे, आणि सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावा लागलेला रंग कुठला असेल तर तो हाच. लाल किंवा निळा निवडताना माणूस दहा वेळा विचार करतो. बेज मात्र 'साधाच तर आहे' म्हणून पाच मिनिटांत ठरवला जातो.

मुळात बेज म्हणजे न रंगवलेल्या लोकरीचा रंग. शब्द फ्रेंच आहे आणि तो अशा लोकरीच्या कापडावरूनच आला. आपल्याकडची मेंढीच्या नैसर्गिक लोकरीची घोंगडी डोळ्यांसमोर आणा. एकाच घोंगडीत पिवळसर, तपकिरी, राखाडी असे किती धागे दिसतात! बेजचंही तसंच आहे. दुकानातल्या मशीनवर तो बनतो तो पांढऱ्या बेसमध्ये थोडा पिवळा ऑक्साइड, किंचित लाल ऑक्साइड आणि जरासा काळा घालून. पिवळी माती आणि गेरू यांचा रंग ज्या लोहामुळे येतो, तेच लोह या ऑक्साइडमध्ये असतं. यातला लाल दोन थेंब वाढला की बेज गुलाबीकडे झुकतो, पिवळा वाढला की बेसनाकडे, काळा वाढला की मातकट राखाडीकडे. शेड कार्डवरच्या इंचभर चौकोनात हा झुकाव डोळ्यांना कळत नाही. चार भिंतींवर चढला की तोच बोलायला लागतो.

हा झुकाव ओळखायला मी लोकांना स्वयंपाकघरात पाठवते. पाच पांढऱ्या बशा घ्या. त्यात तांदळाचं पीठ, ज्वारीचं पीठ, कणीक, बेसन आणि नाचणीचं पीठ ठेवा. बशा खिडकीजवळ एका ओळीत मांडा आणि शेड कार्डवरचे तुमच्या पसंतीचे सगळे बेज त्यांच्या शेजारी धरा. तांदूळ पांढऱ्यातच जमा होईल. ज्वारी किंचित राखाडी-हिरवट साय असल्यासारखी दिसेल. कणीक उबदार आणि मधली. बेसन उघड पिवळं. नाचणी गुलाबी-जांभळट. एकटं पाहिलं तर कणीक फक्त 'फिकट तपकिरी' वाटते, पण नाचणीशेजारी ठेवली की तिच्यातला पिवळेपणा लगेच दिसतो. शेड कार्डचंही असंच करा. कुठलाही बेज एकटा पाहू नका, त्याच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या झुकावाचे बेज ठेवून पाहा. तुम्ही भिंतीवर लावलेला रंग नाचणीच्या बशीला जाऊन चिकटेल, असा माझा अंदाज आहे.

आता तो हॉलमध्ये इतका गुलाबी का झाला? उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येत नाही. जूनच्या आसपास सकाळ-संध्याकाळ थोडी किरणं येतात, बाकी वर्षभर येतो तो आकाशाचा प्रकाश, आणि तो निळसर असतो. निळसर प्रकाशात पिवळेपणा मंदावतो आणि तांबूस बेज गुलाबी-जांभळट वाटू लागतो. शिवाय चार भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. प्रकाश या भिंतीवरून त्या भिंतीवर उसळत राहतो आणि प्रत्येक उसळीत रंग थोडा गडद होतो. म्हणून कार्डवर जो आवडला असेल त्याच पट्टीतला एक पायरी फिका घ्यायचा, हा माझा कायम नियम आहे.

खिडकीबाहेर काय आहे तेही पाहा. माझ्या पहिल्या स्वतंत्र कामात मी एरंडवण्यातल्या एका हॉलला ज्वारीच्या अंगाचा फार सुंदर बेज दिला होता, मार्च महिन्यात. खिडकीला लागून मोठं पर्जन्यवृक्षाचं झाड होतं. तेव्हा पानगळ झालेली. जुलैत झाड भरलं आणि सगळा हॉल शेवाळल्यासारखा हिरवट झाला. त्या काकू काही बोलल्या नाहीत, पण मला ते बघवेना. मी स्वतःच्या पैशाने दोन भिंती कणकेच्या अंगाच्या रंगाने पुन्हा दिल्या. तेव्हापासून मी झाड, समोरच्या इमारतीचा रंग, लाल कौलं, गच्चीवरचा निळा पत्रा हे सगळं आधी वहीत लिहून घेते.

पण बाहेरच्या प्रकाशापेक्षाही मोठा मालक म्हणजे तुमची फरशी. ती बदलणार नाही, आणि घरातला सगळ्यात मोठा सलग रंग तिचाच आहे. एक कोरा ए-फोर कागद फरशीवर ठेवा आणि थोडं लांबून पाहा. 'क्रीम' म्हणून विकलेली व्हिट्रिफाइड टाइल कागदाशेजारी कधी पिवळी निघते, कधी स्पष्ट गुलाबी. पिवळी निघाली तर तुमचं काम सोपं आहे, भिंतीला कणीक शोभेल. फरशी गुलाबी निघाली तर पिवळट बेज घेऊ नका. फरशी आणखी गुलाबी दिसेल आणि दोघांची जन्मभर भांडणं चालतील. अशा वेळी कणीक आणि नाचणी यांच्या मधला, अगदी फिका रंग घ्यावा लागतो आणि हॉलमध्ये मोठी सतरंजी टाकून फरशीचा दिसणारा भाग कमी करावा लागतो. जुन्या घरात शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर ज्वारीचा बेज फार छान बसतो, कारण त्या दगडांत राखाडी-हिरवट अंश असतोच.

सागवानाचंही पाहा. जुन्या झोपाळ्याला लाखेचं पॉलिश असेल तर ते नारिंगीकडे झुकलेलं असतं. बेसनाच्या अंगाच्या भिंतीपुढे असं लाकूड विरघळून जातं, कडाच दिसत नाहीत. नाचणीच्या भिंतीपुढे ते भडक दिसतं. कणकेपुढे ते शांत बसतं, आणि भिंत पुरेशी फिकी असेल तर त्याचं कोरीव काम उठून येतं. आजोबांचा झोपाळा हा तुमच्या हॉलचा खरा दागिना आहे. भिंतीचा रंग त्याच्यासाठी निवडा, सोफ्यासाठी नाही. सोफा दहा वर्षांत बदलेल.

आता रात्रीच्या मळकटपणाकडे येते. यावरचा उपाय रंगाच्या डब्यात नाही. तुमच्या हॉलमध्ये बहुतेक ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असेल, आपल्याकडे घरोघरी तीच असते. (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर.) त्या निळसर उजेडात कुठलाही उबदार बेज धुळकट दिसतो. रंग देण्याच्या आधी दिवे बदला, तो खर्च रंगाच्या मानाने किरकोळ आहे. हॉल आणि बेडरूममध्ये ३००० केल्विन, स्वयंपाकघरात आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ४००० केल्विन. त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय हा आकडा खोक्यावर लिहिलेला असतो, तो ९० किंवा त्याहून जास्त असलेला दिवा मिळाला तर घ्या. हा आकडा कमी असलेल्या स्वस्त एलईडीमध्ये तांबूस रंग नीट उजळत नाहीत, आणि त्यात भिंतीपेक्षा माणसांचे चेहरे जास्त मरगळलेले दिसतात. 'पिवळ्या दिव्यात वाचता येत नाही' ही तक्रार मला नेहमी ऐकू येते. वाचता येत नाही ते दिवा पिवळा म्हणून नव्हे, उजेड कमी पडतो म्हणून. छताला एकच दिवा लावण्यापेक्षा तीन-चार ठिकाणी लावा आणि झोपाळ्याजवळ वाचायला वेगळा दिवा द्या.

नमुना भिंतीवर थेट लावू नका, विशेषतः जुना रंग असलेल्या भिंतीवर. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेले मिशेल युजेन शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती, की तिथली काळी रंगवलेली लोकर फिकी दिसते. त्यांनी तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हतीच. विणताना शेजारी येणाऱ्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळ्यांना तो काळा फिका वाटत होता. त्यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. तुमच्या भिंतीवरही तेच घडू शकतं. जुना रंग फिका हिरवा किंवा निळा असेल, तर त्याच्या मधोमध लावलेला बेजचा ठिपका आहे त्याहून तांबडा दिसणारच.

म्हणून दोन फूट बाय दोन फुटांचे पुठ्ठे किंवा पातळ प्लायचे तुकडे घ्या, त्यांना पांढरा प्रायमर द्या, वर नमुन्याच्या रंगाचे दोन हात मारा आणि कडेला दोन इंच पांढरी पट्टी सोडा. पूर्ण सुकू द्या. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि सुकल्यावर थोडं गडद होतं, त्यामुळे ओल्यावर निर्णय घ्यायचा नाही. मग तो तुकडा भिंतीला टेकवून उभा ठेवा, टेबलावर आडवा नाही. आडव्या पृष्ठभागावर छताचा आणि खिडकीचा उजेड वेगळा पडतो. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी साडेपाचला आणि रात्री नवे दिवे लावून पाहा. एकदा खिडकीच्या भिंतीवर, एकदा समोरच्या भिंतीवर. झोपाळ्याच्या मागे तर पाहाच. तीन दिवस हे केलंत की उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल, मला विचारावं लागणार नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं मत सांगते. हॉलला कणकेच्या अंगाचा, फिका बेज, ज्यात पिवळा अंश स्पष्ट पण बेसनापर्यंत न गेलेला. पश्चिमेच्या बेडरूमला हाच रंग देऊ नका. तिथे चारनंतरचं ऊन स्वतःच नारिंगी असतं, त्यात कणीक भाजल्यासारखी दिसेल आणि एप्रिल-मेमध्ये खोली आणखी तापल्यासारखी वाटेल. तिथे ज्वारी घ्या. एका घरात दोन बेज विचित्र दिसतील ही भीती मनातून काढा. दोन्ही सारखेच फिके असतील आणि रंग दाराच्या चौकटीशी बदलत असेल, तर येणाऱ्याला दोन खोल्यांचा उजेड वेगळा आहे एवढंच जाणवेल. चौकटींना आणि दारांना मात्र सगळीकडे एकच रंग ठेवा.

छताला काय द्यायचं? रंगारी सवयीने शुभ्र पांढरा देतो. त्या पांढऱ्याला टेकून बेज आला की बेज धुवायला टाकलेल्या चादरीसारखा वाटतो. छताला किंचित दुधाळ, सायीसारखा पांढरा द्या. वेगळा रंग शोधायचा नसेल तर दुकानदाराला सांगा, की भिंतीचीच शेड एक अष्टमांश ताकदीने करून दे. मशीनवर ते सहज होतं. स्विचबोर्ड शुभ्र पांढरे असतील तर राहू देत, ते एवढे खुपत नाहीत.

फिनिश मॅट किंवा अगदी हलक्या चकाकीचं घ्या. चकचकीत फिनिशमध्ये बेज प्लास्टिकसारखा दिसतो, आणि प्लास्टरमधला प्रत्येक उंचसखलपणा खिडकीच्या तिरप्या उजेडात उघडा पडतो. लहान मुलं असतील तर धुता येणारं मॅट इमल्शन मिळतं, थोडे पैसे जास्त जातात. स्वयंपाकघरात ओट्यामागे टाइल्स असतील तेवढ्या सोडून बाकी भिंतीला हलकी चकाकी चालेल. फोडणीचा तेलकटपणा पुसता येतो.

आता ज्या गोष्टीमुळे बेज सगळ्यात लवकर खराब दिसतो ती म्हणजे ओल. पांढऱ्या भिंतीवरचा पिवळा डाग 'डाग' म्हणून दिसतो, बेजवर तो सबंध भिंतच जुनाट करून टाकतो. पावसाळा नुकताच संपलेला असताना बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूला अजून पाणी असतं. जाड प्लास्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर त्या भिंतीला अजून रंग द्यायचा नाही. पोपडे धरले असतील किंवा पांढरा शोरा फुलला असेल, तर आधी बाहेरून गळती बंद करा. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर पुढच्या श्रावणात सगळं पुन्हा सुटून येतं. कोकणात घर असतं तर मी तुम्हाला दिवाळीचा हट्ट सोडून जानेवारीपर्यंत थांबायला सांगितलं असतं. पुण्यात ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन आठवड्यांत भिंती बऱ्यापैकी सुकतात.

लांबी नीट घासली आहे ना, ते रात्री टॉर्च भिंतीला लावून तिरपा मारून पाहा. घासाईतली घाई दिवसा दिसत नाही. मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. दोन हातांमध्ये किमान चार-सहा तास जाऊ द्या. रंगारी बिचारा दिवसाच्या मजुरीवर असतो, त्याला घाई असते. ठरवतानाच दिवस मोकळे धरा आणि पैसे त्याप्रमाणे बोला.

रंग किती लागेल याचा हिशोब स्वतः करा. समजा खोली १० फूट बाय १२ फूट आणि उंची साडेनऊ फूट. चारी भिंतींची लांबी ४४ फूट, म्हणजे ४१८ चौरस फूट. दार २१ आणि खिडकी २० चौरस फूट वजा केली की उरले ३७७. चांगलं इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांत साधारण १२० ते १४० चौरस फूट प्रतिलिटर जातं, तेव्हा तीन लिटरच्या आसपास लागेल. चार लिटरचा डबा घ्या. एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी मिसळून घ्यावा, आणि डबे दोन असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळावेत. एकाच कोडच्या दोन डब्यांत केसाएवढा फरक येऊ शकतो. लाल भिंतीवर तो कुणाला दिसणार नाही, बेजवर जोड दिसतो. जोड आलाच तर तो कोपऱ्यात यावा, भिंतीच्या मध्ये नको.

भिंती झाल्या की पुढचा मोह आवरावा लागतो. बेज भिंत, बेज पडदे, बेज सोफा, बेज गालिचा असं घर फोटोत छान दिसतं आणि राहायला लागलं की आठवड्यात कंटाळा येतो. बेजला दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे पोत. खादीचे जाड पडदे, वेताची खुर्ची, बुरुडाकडची टोपली, ताग, मातीचा माठ, भिंतीवर घोंगडी. भिंत गुळगुळीत असताना हाताला खरखरीत लागणारं काहीतरी खोलीत असलं पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे थोडा काळोख. प्रत्येक खोलीत एक तरी खरा गडद रंग असू द्या. काळ्या चौकटीत घरातले जुने कृष्णधवल फोटो, झोपाळ्याच्या काळसर कड्या, निळीने रंगवलेली उशी. झोपाळ्यावर गडद हिरव्या किंवा मरून खणाचे अभ्रे घाला. खणाच्या काठाचा पिवळा तुमच्या भिंतीतला पिवळा ओढून घेईल. पितळेची समई, तांब्याचा हंडा यांच्यासाठी बेजइतकी चांगली पार्श्वभूमी दुसरी नाही, पण ती घासलेली असली पाहिजेत. पडदे भिंतीपेक्षा दोन पायऱ्या गडद किंवा सरळ सायीचे पांढरे घ्या. भिंतीच्याच रंगाचे पडदे शोधत बाजारभर फिरू नका, ते कधीच तंतोतंत जुळत नाहीत आणि जवळपास जुळलेला बेज न जुळलेल्यापेक्षा वाईट दिसतो.

दिवाळीला महिन्याहून कमी वेळ राहिला असेल तर फक्त हॉल करा. या रविवारी दिवे बदला, पुठ्ठे रंगवा, तीन दिवस पाहा. बेडरूम दिवाळीनंतर, भिंती पुरत्या सुकल्यावर. उरलेला अर्धा-पाऊण लिटर रंग घट्ट झाकणाच्या लहान डब्यात काढून ठेवा आणि डब्यावर शेडचा कोड, बेस, खोलीचं नाव आणि तारीख कायम टिकणाऱ्या पेनने लिहा. झोपाळ्याची कडी कधी ना कधी भिंतीला घासणारच आहे.